वजनकाट्यावरची ऑइल लेव्हल

नागापूरच्या एमआयडीसीत आमच्या गॅरेजला लागून एक वजनकाटा होता. आता तिथे पत्र्याचं गोडाऊन झालं आहे. ट्रक यायचे, रिकाम्या गाडीचं वजन व्हायचं, भरलेल्या गाडीचं वजन व्हायचं, पावती घेऊन पुढे जायचे. त्या ट्रकच्या रांगेत महिन्यातून चार-पाच वेळा एक छोटी कार उभी असायची. तिचं वजन कुणालाच नको असायचं. ती आमची असायची.

मुलगी असून गॅरेजमध्ये कशी, हे मला खूपदा विचारलं जातं. त्याचं उत्तर लिहिण्यासारखं नाही. मी डिप्लोमा केला होता, शाळा इंग्रजी माध्यमाची होती आणि आमच्या शेठना गाड्यांची इंग्रजी मॅन्युअलं वाचणारं कुणीतरी हवं होतं. मला माणसांशी कमी आणि पुस्तकांशी जास्त बोलावं लागेल असं काम हवं होतं. दोघांचं जमलं.

आमचं गॅरेज ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. म्हणजे ज्या गाडीला क्लचचं पेडल नसतं, गिअर आपोआप बदलतात, तिच्या गिअरबॉक्सचं. असा गिअरबॉक्स बिघडला की नगरमध्ये बहुतेक जण 'पुण्याला न्या' म्हणून मोकळे व्हायचे. नाना म्हणायचे नाहीत. नाना आमचे वस्ताद. पाथर्डीच्या पलीकडचे. आईवडिलांबरोबर लहानपणी वर्षातले सहा महिने ऊसतोडीला साखर कारखान्याच्या तळावर गेले, त्यामुळे शाळा सुटली. आधी ट्रकच्या गॅरेजात, मग बारा वर्षं पुण्यात, मग इथे. मी रुजू झाले तेव्हा त्यांनी आपलं वय त्रेसष्ट सांगितलं. मला मराठी आकडे पटकन समजत नाहीत. मी मनात सिक्स्टी-थ्री करेपर्यंत ते उठून कामाला लागले होते.

मी मॅन्युअल वाचायचे आणि वाक्यावाक्याला मराठीत सांगायचे. नाना डोळे मिटून ऐकायचे, हातात काहीतरी पुसत. मध्येच म्हणायचे, "हे लिवणाऱ्याला नगरचा उन्हाळा म्हाईत न्हाई." मग मी पुढचं वाक्य वाचायचे. पहिले तीन महिने आमच्यात याहून वेगळं संभाषण झालं नसेल. मला ते फार सोयीचं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गिअरबॉक्स उघडला, खराब प्लेटा बदलल्या, बांधला, गाडीला लावला की संपलं. खरं तर त्यानंतरचा एक तास सगळ्यात नाजूक. या गिअरबॉक्समध्ये सगळं काम ऑइल करतं. इंजिनची ताकद ऑइल पोचवतं, प्लेटा ऑइल दाबतं, थंडही तेच ठेवतं. कमी पडलं तर प्लेटा घसरतात आणि जळतात. जास्त झालं तर आतले फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब नसतो. म्हणजे पुन्हा घसरणं आणि जळणं. म्हणून ते बरोबर रेषेइतकंच हवं.

आणि ही रेष बघणं सोपं नाही. इंजिनचं ऑइल गाडी बंद करून बघतात, ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये हे ऑइल इंजिन चालू ठेवून बघायचं. नवीन बांधलेला बॉक्स आतून कोरडा असतो. थोडं ऑइल ओतायचं, गाडी सुरू करायची, की आतला पंप ते ओढून घेतो आणि लेव्हल खाली जाते. पुन्हा ओतायचं. मग ब्रेकवर पाय ठेवून गिअरची दांडी एकेका जागी न्यायची, प्रत्येक जागी दहा अंक मोजायचे, म्हणजे आतल्या सगळ्या वाटा भरतात. मग मनमाड रोडने गाडी फिरवून आणायची, कारण ऑइल तापलं की फुगतं आणि गरम ऑइलची रेष वेगळी असते. मग गेज, म्हणजे ऑइल मोजायची लांब पट्टी, ओढायची, पुसायची, परत घालायची, परत ओढायची. दोन्ही बाजू बघायच्या आणि जी कमी दाखवते ती खरी धरायची. पुसायला नाना जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा ठेवायचे. सुती कापडाचा धागा सुटतो आणि एवढासा धागा आत गेला तरी झडप अडकते.

प्रत्येक मॅन्युअलमध्ये या सगळ्याच्या आधी एक ओळ असते: गाडी सपाट जागेवर उभी करा. मी ती वाचून पुढे जायचे. नाना तिथे थांबायचे.

आमच्या गॅरेजमध्ये सपाट जागाच नव्हती. धुण्याचं पाणी डाव्या भिंतीच्या गटारीत जावं म्हणून फरशीला उतार दिलेला. डोळ्यांना दिसत नाही, पण नट पडला की घरंगळत डावीकडे जातो. बाहेरचा रस्ता मध्ये फुगलेला. नानांनी म्हणे एकदा गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी आणली आणि अर्धा दिवस एमआयडीसीत सपाटी शोधत हिंडले. ती सापडली शेजारीच, वजनकाट्याच्या पाटावर. तेव्हापासून प्रत्येक बांधलेली गाडी काट्यावर जायची. काटेवाले रफिकभाई खिडकीतून ओरडायचे, "आले, बाळाचं वजन करायला आले." नाना बॉनेट उघडायचे. मागचे ड्रायव्हर हॉर्न मारायचे. दोन मिनिटांत आम्ही उतरायचो.

दुसऱ्या वर्षापासून गेज मी वाचायला लागले. नानांना मोतीबिंदू होता. ऑपरेशन ते पुढे ढकलत होते. गिअरबॉक्स त्यांना बोटांनी दिसायचा, पण पट्टीवरची पातळ लाल रेघ बोटांना कळत नाही. एका दुपारी काट्यावर त्यांनी पट्टी उन्हात धरली, फिरवली, पुन्हा फिरवली आणि माझ्या हातात दिली. "बघ गं." ते काम माझं झालं.

ग्राहकाला गाडी देताना चार गोष्टी सांगणं हेही माझ्याकडे आलं, आणि ते मला जमलं नाही. मी एक कागद टाइप करून द्यायचे. भिंगारचे एक निवृत्त सुभेदार होते. अतिशय टापटिपीचा माणूस. ते रोज सकाळी गाडी बंद असताना गेज बघायचे. गाडी बंद असली की वर चढलेलं ऑइल खाली उतरतं आणि लेव्हल जास्त दिसते. तीन दिवस रोज इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजने त्यांनी 'जास्तीचं' ऑइल काढलं आणि चौथ्या दिवशी गाडी अंगणातून हलेना. मी त्यांना कागदाची आठवण करून दिली. ते म्हणाले, "बेटा, कागद फाईलला लावलाय. तू समोर उभी होतीस ना? मग तोंडाने का नाही सांगितलंस?" मी हसले. असं काही विचारलं की मी हसते. लोकांना तो उद्धटपणा वाटतो.

मला सांगायचं आहे ते थोरात बाईंच्या गाडीबद्दल.

थोरात बाई केडगावला राहायच्या आणि भिंगारच्या शाळेत गणित शिकवायच्या. लहानपणी पोलिओ झाल्याने त्यांचा डावा पाय अधू होता. क्लच दाबणं शक्य नव्हतं, उजव्या पायावर ऑटोमॅटिक चालवायच्या. गाडी जुनी, रंग उडालेली. ती बंद पडली तेव्हा त्या रिक्षाने आल्या आणि नानांना म्हणाल्या की ही गाडी घ्यायच्या आधीची सतरा वर्षं मी कुणाच्या ना कुणाच्या सोयीने शाळेत गेले आहे, तर लवकर करा. नानांनी बारा दिवस घेतले. त्या बॉक्सवर त्यांनी जेवढा जीव लावला तेवढा मी दुसऱ्या कशावर पाहिला नाही. एकेक रिंग बसवताना दोनदा फिरवून बघत होते.

बाराव्या दिवशी नाना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. जाताना सांगून गेले, "फिरवून आन, लेव्हल बघ, बाई पाचला येतील." मी गाडी मनमाड रोडने फिरवून आणली. काट्याकडे वळवली तर कांद्याचे ट्रक लागलेले. अकरा होते. ड्रायव्हर खाली उतरून सावलीत बसले होते. नाना असते तर सरळ पुढे जाऊन म्हणाले असते, दोन मिन्टं चढू द्या. मी काच खाली न करता पाच मिनिटं बसले. दोघे-तिघे माझ्याकडे बघत होते. त्यातल्या एकाने काहीतरी म्हटलं आणि बाकीचे हसले. काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, कदाचित माझ्याबद्दल नसेलही. मी गाडी रिव्हर्स घेतली आणि गॅरेजमध्ये आणली.

तिथेच गेज बघितलं. इंजिन चालू, ऑइल गरम, पट्टी नायलॉनच्या तुकड्याने पुसलेली, दोन्ही बाजू तपासलेल्या. सगळं पुस्तकाप्रमाणे, फक्त फरशी सोडून. रेष बरोबर खुणेवर होती. बाई पाचला आल्या, गाडी घेऊन गेल्या. नाना सहाला आले आणि लेव्हल बघितली का विचारलं. मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं.

नवव्या दिवशी बाई परत आल्या. रेल्वे पुलाच्या चढावर गाडी ओढत नाही, इंजिन नुसतं ओरडतं, मागे हॉर्नची रांग लागते, म्हणाल्या. सपाट रस्त्यावर काही नाही. चढावरच, आणि तेही कधी कधी. त्या हे फार हळू आवाजात सांगत होत्या, जणू तक्रार करायची नसावी.

नानांनी गाडी चालवून बघितली. आल्यावर मला विचारलं, "लेव्हल काट्यावर बघितलीस ना गं?"

शेठ शेजारी होते, बाई खुर्चीवर होत्या. मी हो म्हटलं. हे मात्र खोटं होतं.

नाना म्हणाले, "मग लेव्हलचा प्रश्न न्हाई. आतलीच चूक हाय." बाईंकडे वळून म्हणाले, "उघडावा लागंल. धा-बारा दिस जातील. हात माझाच चुकला असंल, बाई." बाईंनी मान हलवली आणि रिक्षा बघायला बाहेर गेल्या. शेठ हळूच म्हणाले की नाना, आता डोळ्यांचं बघा, किती दिवस ओढणार. नाना म्हणाले, एवढा बॉक्स नीट करून देतो, मग बघू. शेठ 'बरं' म्हणाले. ते 'बरं' फार पटकन आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. नाना माझ्याही आधी आलेले. बाईंची गाडी अजून तशीच होती, जॅक लावायचे होते. नाना स्टुलावर बसले होते. मांडीवर भंगारातल्या गिअरबॉक्सचा एक ड्रम, म्हणजे प्लेटा बसतात तो डबा, होता आणि हातात एक सीलची रिंग. डोळे मिटून ते ती रिंग ड्रमच्या खाचेत बसवत होते. बसली की बोट फिरवून बघायचे, काढायचे, पुन्हा बसवायचे. मी दारात होते. सात वेळा मोजलं मी. सातही वेळा रिंग बरोबर बसली. आठव्यांदा त्यांनी ती उलटी धरली, बोटांना कळलं, सुलटी केली आणि बसवली. तरी पुन्हा काढली.

मी पाहिलं ते मला आजही नीट लिहिता येत नाही. चाळीस वर्षं काम केलेला कारागीर आपली बोटं खरी बोलतात का ते तपासत होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

"नाना," मी म्हटलं, "काट्यावर गेले नव्हते मी."

त्यांचे हात थांबले. डोळे लगेच उघडले नाहीत.

"कवा?"

"गाडी दिली त्या दिवशी. इथेच बघितलं. काल खोटं बोलले."

"का गेली न्हाईस?"

"लाईन होती. कांद्याचे ट्रक. मला पुढे जाऊन विचारता आलं नाही."

नानांनी रिंग ड्रमवर ठेवली, ड्रम खाली ठेवला. मला वाटलं होतं ते चिडतील. ते मला चाललं असतं. ते फक्त म्हणाले, "मी रातभर माझ्याच नावानं बोटं मोडत बसलोय, पोरी." आणि गाडीची किल्ली माझ्याकडे टाकली.

आधी मनमाड रोडला जाऊन ऑइल तापवलं. काट्यावर त्या दिवशीही ट्रक होते, सहा-सात. नाना शेजारच्या सीटवर बसून राहिले. मी थोडा वेळ वाट बघितली, मग समजलं की ते उतरणार नाहीत. मी उतरले. सगळ्यात पुढच्या ट्रकच्या ड्रायव्हरला म्हटलं की आम्हाला दोन मिनिटं काट्यावर गाडी उभी करू द्याल का. आवाज इतका लहान निघाला की त्याने कानाला हात लावला. मी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, "व्हय की ताई, चढवा. आमाला कुठं इमान पकडायचंय." इतकंच होतं ते.

काट्याच्या सपाट पाटावर मी गेज ओढलं. रेष खुणेच्या खूप खाली. आमच्या फरशीचा उतार डावीकडे आणि या गाडीची पट्टी डाव्या बाजूला. सगळं ऑइल तिकडे गोळा होऊन मला पूर्ण भरल्यासारखं दिसलं होतं. पाऊण लिटर कमी होतं. सपाटीवर ते पुरायचं. चढावर ऑइल मागे सरकलं की पंपाच्या तोंडाशी हवा यायची. मी पट्टी नानांच्या नाकापाशी नेली. त्यांनी वास घेतला. जळल्याचा वास आला तर सगळं उघडावंच लागतं. ते बराच वेळ वास घेत राहिले.

"वाचला," म्हणाले. मग म्हणाले, "पुरता न्हाई. वाईच खाल्लंय प्लेटानी. पर वाचला."

रफिकभाईंनी खिडकीतून विचारलं की बाळ कसं आहे. नानांनी हात नुसता हलवला.

ऑइल भरलं, पुन्हा फिरवून आणलं, पुन्हा काट्यावर बघितलं. दुपारी नाना म्हणाले, "गाडी तू नेऊन दे. आन काय झालं ते तूच सांग बाईंना. कागद नगं."

भिंगारला शाळेच्या फाटकापाशी गाडी उभी करून मी अर्धा तास थांबले. काय बोलायचं ते मनात इंग्रजीत जुळवत होते आणि मराठी करत होते. शाळा सुटली, बाई आल्या, आणि मी जुळवलेलं सगळं विसरून म्हटलं, "गिअरबॉक्स चांगला होता. ऑइल मी चुकीचं मोजलं. आणि काल नानांना खोटं सांगितलं."

त्यांनी मला बाजूच्या सीटवर बसायला सांगितलं आणि स्वतः चालवायला बसल्या. शहरातून थेट रेल्वे पुलापर्यंत. चढाच्या मध्यावर त्यांनी मुद्दाम ब्रेक दाबून गाडी थांबवली. मागे हॉर्न सुरू झाले. बाईंनी आरशात बघितलं, उजवा पाय ब्रेकवरून काढून हलकेच ॲक्सिलरेटरवर ठेवला. गाडी न कुरकुरता वर गेली.

पूल उतरल्यावर त्या म्हणाल्या, "नऊ दिवस मला वाटत होतं की हा पायही चालला. डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती मी."

मी हसले नाही. मी म्हटलं, "मला माफ करा." आणि मग हेही सांगितलं की प्लेटा थोड्या झिजल्या आहेत, जेवढ्या वर्षांची खात्री नाना देतात तेवढी आता देता येणार नाही.

"मग किती वर्षं?"

"माहीत नाही."

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या, आणि मला बसस्टॉपवर सोडलं. गॅरेजपर्यंत सोडलं नाही. त्यांना राग आला होता आणि तो त्यांनी लपवला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. गाडी पुढे पाच वर्षं चालली. बाई निवृत्त झाल्या तेव्हाही तीच होती.

परत आले तेव्हा नाना दुसरा बॉक्स उघडून बसले होते, आठवडाभर कोपऱ्यात पडलेला. मी त्यांना बाईंच्या पायाचं सांगितलं. ते ऐकून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. शेठना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. पण निवृत्तीचा विषय त्या वर्षी निघाला नाही. दिवाळीनंतर त्यांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि पुढे तीन वर्षं काम केलं.

आता येणाऱ्या गाड्यांना बहुतेक गेजच नसतं. खालून एक बोल्ट उघडायचा, कॉम्प्युटरवर ऑइलचं तापमान बघायचं आणि थेंब पडायचे थांबेपर्यंत थांबायचं. नवीन लिफ्ट आहे, ती स्वतःच सपाट होते. काम चांगलं होतं. कुणाला रांगेत उभं राहावं लागत नाही. कधी कधी वाटतं, त्या रांगेची मला गरज होती.

पण ते नंतरचं. त्या प्रसंगानंतर तीन आठवडे नानांनी मला गेज वाचायला दिलं नाही. शेठना घेऊन काट्यावर जायचे. मी मॅन्युअल वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे, बाकी सगळं तसंच. चौथ्या आठवड्यात एका गुरुवारी भरदुपारी ते माझ्या टेबलाशी आले आणि किल्ली पुढे केली. मी घेतली. किती वेळ लागंल, त्यांनी विचारलं. बाहेर कांद्याचे ट्रक थेट चौकापर्यंत लागले होते. मी म्हटलं, रांग मोठी आहे, वेळ लागेल.

"लागू दे," नाना म्हणाले.